घरच्या सॉसेजसाठी प्रोबायोटिक कल्चर, नाशिकच्या हवेत कसं चालतं

गंगापूर रोडला राहतो, घरीच पोर्कचे आंबवलेले सॉसेज करतो, त्यासाठी हे पावडर कल्चर, म्हणजे मांस आंबवणारे जिवंत बॅक्टेरिया, ऑनलाइन मागवलं. आत लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि स्टॅफिलोकॉकस कार्नोसस आहेत, म्हणजे पहिला आंबवतो आणि दुसरा रंग-वास सांभाळतो. चवीला खरंच भारी! काप घट्ट, लालसर, चरबीचे पांढरे ठिपके सुटे दिसतात आणि आंबटपणा हलका, घशाला झोंबत नाही.

खिम्यात थोडं डेक्स्ट्रोज घालाच, बॅक्टेरियाला खायला साखर लागते, मग २२ ते २४ डिग्रीला टांगायचं आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.३ च्या खाली आला की पुढे थंडाव्यात वाळवायचं, वजन साधारण ३० टक्के उतरेपर्यंत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, सॉसेज बाहेरून कडक आणि आतून ओलं राहतं, म्हणून खाली पाण्याचा ट्रे ठेवा. एप्रिल-मेमध्ये तर जुन्या फ्रीजला टेंपरेचर कंट्रोलर लावल्याशिवाय नादीच लागू नका.

राग एकाच गोष्टीचा, पाकिटावर -१८ डिग्रीत ठेवा लिहिलंय आणि विकणाऱ्याने साध्या पाकिटात, बर्फाशिवाय पाठवलं. वर पोटाला चांगलं असं मोठ्या अक्षरात, पण नेमका स्ट्रेन (बॅक्टेरियाचा उपप्रकार) कोणता, ग्रॅममागे जिवंत बॅक्टेरिया किती, काहीच नाही. तसंही तव्यावर तळलंत की ते मरणारच, फायदा हवा तर न शिजवता खायचं, आणि म्हणूनच नायट्राइटवालं क्युरिंग सॉल्ट (मांस टिकवायचं खास मीठ) मापात घालायचंच, कल्चर आहे म्हणून ते गाळायचं नाही, बॉट्युलिझमशी, म्हणजे बॅक्टेरियाच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेशी, खेळ नको.