एसीच्या जाळीत खुपसायचा थर्मामीटर: घ्यावा का?

कारचा एसी जरा मंद वाटला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस संपला असेल, भरून घ्या." गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून संपायला? बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो तेवढा सोडला, तर तो कमी होणं म्हणजे कुठेतरी गळती असणं. ह्या "असेल"चा कंटाळा आला म्हणून मी लांब स्टीलच्या काडीचा साधा डिजिटल थर्मामीटर घेतला. आता तो कायम गाडीच्या कप्प्यात असतो.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण शिस्त पाळावी लागते. गाडी सावलीत लावायची, दारं उघडून आतली गरम हवा जाऊ द्यायची आणि मग काचा बंद करायच्या. तापमान सगळ्यात थंडवर, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, ब्लोअर मध्यम. काडी मधल्या जाळीत आत सरकवायची, मात्र प्लॅस्टिकला टेकू द्यायची नाही. इंजिन 1500 आरपीएमच्या आसपास धरून पाच ते दहा मिनिटं थांबायचं. बाहेर 35 अंश असताना माझी गाडी आठ-नऊ अंशांवर स्थिरावते, आणि तेवढं मला पुरेसं आहे. दमट हवेत हा आकडा वर राहतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते. गाडीखाली ठिबकणारं पाणी तेच, त्याने घाबरून जाऊ नये. ते पाणी डाव्या-उजव्या पायांखालच्या मॅटवर आलं, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबलेली असते.

खरी मजा एका आकड्यात नाही, तो कसा हलतो त्यात आहे. मध्यंतरी उभ्या गाडीत आकडा चढत चढत 17 वर जायचा आणि मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांत पुन्हा नऊवर यायचा. गॅरेजात उत्तर तेच, गॅस. पण गाडी पळताना समोरून वारा लागला की एवढा फरक पडतो, म्हणजे उभ्या गाडीत एसीला बाहेरची हवा कमी मिळत असावी, अशी मला शंका आली. मी बॉनेट उघडून एसी चालू करायला लावला. पुढचा पंखा फिरत होता, पण रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, बारीक पात्यांत धूळ आणि किड्यांचा थर बसला होता. पाती वाकू नयेत म्हणून पाण्याची धार हलकी ठेवून तो धुतला, आणि उभ्या गाडीतला आकडा खाली आला. गॅसला हातही लावावा लागला नाही.

उलटा प्रकारही दिसतो: सुरुवातीला मस्त थंड, मग हवाच कमी कमी येते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक. हे कूलिंग कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डमागे हवा थंड करणाऱ्या भागावर, बर्फ धरल्याचं लक्षण. हवा पहिल्यापासूनच कमी येत असेल, तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. तो मळून काळा झालेला असतो आणि शिव्या कॉम्प्रेसरला बसतात.

लेझर ठिपका पाडणारी इन्फ्रारेड गनही मी वापरून पाहिली. दिसायला रुबाबदार, पण ह्या कामाला कुचकामी. ती हवेचं तापमान घेतच नाही, समोरच्या पृष्ठभागाचं घेते. जाळीला क्रोमची चकचकीत कड असेल तर आकडा सरळ फसवा येतो.

आता तक्रारी. माझा थर्मामीटर काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, नेमका वाट बघायच्या वेळी. स्क्रीनला दिवा नाही. सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण इतकं बोटाखाली येतं की मधेच 48 दिसतं आणि छातीत धस्स होतं. अचूकतेबद्दल मात्र कुरकुर नाही: चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून काडी बुडवली, तर शून्याच्या अगदी जवळ येतो. घेतल्या घेतल्या ही परीक्षा कराच.

गॅस किती आहे, हे मात्र तो सांगणार नाही. त्यासाठी आहे तेवढा गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतका मोजूनच भरावा लागतो. अंदाजाने जास्त भरला तरी कूलिंग घटतं.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर हा खिशात ठेवावाच. विकणाऱ्याला आधी एसी लावून ठेवू देऊ नका. तुमच्यासमोर चालू करायला सांगा, मग गाडी उभी ठेवून दहा मिनिटं आकडा बघा आणि त्यानंतरच चालवायला घ्या.