थिनरचा वास, मिरचीचा ठसका आणि कार्ट्रिजवाला मास्क : नऊ महिने वापरल्यानंतर

मला दमा आहे असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) बऱ्यापैकी नॉर्मल येते, पण श्वासनलिका हायपर-रिॲक्टिव्ह आहेत, म्हणजे बाकीच्यांना जो वास नुसता नकोसा वाटतो त्याने माझा घसा आवळतो, मग कोरडा खोकला लागतो तो अर्धा अर्धा तास थांबत नाही आणि रात्री छातीत घरघर. धूप, मच्छर अगरबत्ती, टॉयलेटचं ॲसिड, डांबराच्या गोळ्या, ताजा ऑइल पेंट, काहीही चालतं. त्यात आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेला निवासी विभागात, एमआयडीसीला लागून. 2014 ला इथे हिरवा पाऊस पडला होता आणि 2020 ला रस्ता गुलाबी झाला होता, त्यामुळे रात्री हवेला वास आला की उठून खिडक्या लावायच्या हे इथल्या लहान पोरांनाही सांगावं लागत नाही.

पण जानेवारीत जे झालं ते कारखान्यामुळे नाही. वरच्या मजल्यावर फर्निचरचं पॉलिश चालू होतं आणि थिनरचा वास बाथरूमच्या डक्टमधून थेट आमच्या बेडरूममध्ये. मी कोविडच्या वेळचे एन-95 काढले, एकावर एक दोन घातले, तरी वास तसाच आणि खोकलाही तसाच. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं की एन-95 हे कणांसाठी आहे, धूळ, धूर, परागकण वगैरे, थिनरची वाफ म्हणजे गॅस, ती त्याच्यातून आरपार जाते, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. धुराचं वेगळं, धुरात कणही असतात आणि वायूही, म्हणून दोन्ही लागतं.

म्हणून हा मास्क घेतला. रबरी हाफ-फेस मास्क, नाक-तोंड-हनुवटी झाकणारा, दोन्ही बाजूंना कार्ट्रिज, म्हणजे कार्बन भरलेल्या बदलता येणाऱ्या डब्या, रंगकाम करणारे घालतात तो. ऑनलाइन मिळतो, पण मी मुद्दाम मुंबईत मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात गेले कारण मला तोंडावर लावून बघायचा होता. दुकानातल्या काकांनी विचारलं, "कशासाठी ताई, वेल्डिंग का स्प्रे पेंटिंग?" मी म्हटलं घरात घालायला, मला वास सहन होत नाहीत. ते हसले नाहीत. तीन साइज काढून समोर ठेवल्या, आरसा दिला आणि सील कशी तपासायची ते दाखवलं. दोन्ही कार्ट्रिजवर तळहात दाबून श्वास आत घ्यायचा, मास्क चेहऱ्यावर ओढला गेला आणि तसाच राहिला तर बरोबर, कुठून हवा शिरली तर साइज चुकली. मग पुढच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून हळू फुंकायचं, कडेने हवा निसटता कामा नये. मला लार्ज ढिला झाला, मीडियम बसला. अहोंना दाढी आहे, त्यांच्या चेहऱ्यावर कुठलीच साइज सील होत नाही, दाढीवाल्यांनी हे लक्षात ठेवाच.

कार्ट्रिजच्या रंगाबद्दल नीट वाचा कारण इथे लोक फसतात. निऑश या कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पद्धतीत काळा पट्टा म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर, म्हणजे थिनर, पेंट, पॉलिश असलं, आणि पिवळा म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर आणि शिवाय ॲसिड गॅस. युरोपियन पद्धतीत मात्र ऑरगॅनिकचा रंग तपकिरी आणि पिवळा म्हणजे फक्त सल्फर डायऑक्साइडसारखे ॲसिड गॅस. म्हणजे नुसतं "पिवळं द्या" म्हणून चालत नाही, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. मी निऑशवालं पिवळं घेतलं आणि त्यावर बसणाऱ्या कणांच्या पांढऱ्या चकत्या वेगळ्या घेतल्या, कारण नुसता कार्बन धुराचे कण अडवत नाही.

पहिल्यांदा घातला तो त्याच दिवशी संध्याकाळी, वर पॉलिश चालूच होतं. वास गेला. कमी झाला असं नाही म्हणत मी, गेलाच. बेडरूममध्ये उभी होते, समोर अहो नाकाला रुमाल लावून, आणि मला फक्त रबराचा वास येत होता. मी तिथेच बेडवर बसून रडले, खोटं कशाला सांगू. कितीतरी वर्षं असं काही झालं की मी चप्पल घालून जिन्यात किंवा गच्चीवर पळायचे.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये. सासूबाई मालवणच्या, वर्षाचा मसाला घरीच भाजतात, बेडगी आणि संकेश्वरी, लोखंडी कढईत, मग डंकावर न्यायचा. दर वर्षी त्या दोन दिवसांत मी माहेरी. या वर्षी मास्क लावून त्यांच्या शेजारी बसले. मिरची तापली, कडा काळपट व्हायला लागल्या, हॉलमध्ये मुलगा शिंकतोय, सासूबाई पदर तोंडाला लावून ठसकतायत आणि मी झारा फिरवतेय. डोळे चुरचुरले कारण ते उघडेच असतात, पण घसा शांत. सासूबाईंनी आधी "अगं एवढं काय ते तोंडाला, घरात कोणी असं बसतं का" म्हटलं होतं, दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "तुझं ते लाव आणि धणे भाजायला बस." आमच्या घरात या विषयावर एवढं सरळ बोलणं पहिल्यांदाच झालं, कारण इतकी वर्षं सगळ्यांना, माझ्या आईलासुद्धा, हे नखरे वाटायचे.

आता त्रासाच्या गोष्टी. जड आहे, अर्ध्या-पाऊण तासाने नाकाच्या हाडावर दुखतं, आत घाम साठतो. श्वास घ्यायला जोर लागतो, म्हणून ज्यांना दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयाचं काही आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अटॅक चालू असेल तर आधी इन्हेलर, मोकळी हवा, मास्क नाही. बोललेलं समोरच्याला धड कळत नाही. मानेमागच्या पट्ट्याची क्लिप जूनमध्ये तुटली, सुटी मिळाली नाही, आख्खा पट्टा घ्यावा लागला. आणि कार्ट्रिज पाकिटातून काढलं की कार्बन खोलीतल्या हवेतलं शोषत राहतो, तुम्ही घाला नाहीतर नका घालू, म्हणून वापर झाला की मी झिपच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहिते. आत पुसट वास यायला लागला की संपलं, धुवून परत वापरता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, कार्बन मोनॉक्साइड हा मास्क अडवत नाही. बाथरूममधला गॅस गिझर, बंद खोलीतली कोळशाची शेगडी, तिथे याचा शून्य उपयोग आणि त्या गॅसला वासही नसतो. ऑक्सिजनही हा देत नाही. ऑगस्टमध्ये आमच्या कामाच्या मावशींनी टॉयलेटमध्ये ॲसिड टाकलं होतं त्यावरच ब्लीच ओतलं, त्यातून क्लोरीन निघतो, वास आल्याबरोबर मी मावशींचा हात धरून बाहेर पॅसेजमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि तासभर कोणाला आत जाऊ दिलं नाही. मास्क कपाटात होता तो कपाटातच राहू दिला. माझं कार्ट्रिज क्लोरीनसाठीही आहे, पण किती गॅस झालाय हे माहीत नसताना आत जायचं नसतं. आता ब्लीच घरातच ठेवत नाही. झुरळांसाठी स्प्रे बंद करून जेल लावतो, त्याला वास नाही. मच्छर अगरबत्ती तर कधीच बंद केली, 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगरेटींइतके बारीक कण निघतात असं मोजलं होतं, तो आकडा वाचल्यावर खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. मास्क एवढा चांगला असूनही मला तो महिन्यातून तीन-चार वेळाच लागतो तो या बाकीच्या गोष्टींमुळे.

पैसे म्हणाल तर मास्क आणि कार्ट्रिज मिळून एका रात्रीच्या इमर्जन्सी व्हिजिटपेक्षा स्वस्त पडलं, माझ्यापुरतं पाचपैकी साडेचार. अर्धा क्लिपसाठी कापला.

दिवाळी आली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 ला फटाके मोजले होते त्यात सगळ्यात जास्त बारीक कण नागगोळीचे निघाले होते, आणि आमच्या जिन्यात पोरं नेमकी तीच लावतात. मी खालच्या दोन घरी जाऊन सांगून आले, या वर्षी गोळ्या नकोत, लावल्याच तर मैदानात. एका वहिनींनी लगेच हो म्हटलं, दुसऱ्या बघू म्हणाल्या. कार्ट्रिजची नवी जोडी आणि चकत्या आणून ठेवल्यात, पाकीट अजून फोडलेलं नाही.