गच्चीवरच्या ठिबकचा एक उन्हाळा: वापरून झाल्यावर लिहितेय

जानेवारीच्या शेवटी गच्चीतल्या फुलझाडांसाठी ठिबकचा संच आणि त्याला जोडायचा, ठरल्या वेळी पाणी सोडणारा टायमर घेतला. आता जुलै उजाडलाय, पाऊस लागलाय, टायमर काढून ठेवलाय. म्हणजे अख्खा उन्हाळा बघून झाला. पहिल्या आठवड्यातच 'लई भारी' म्हणून लिहिणार होते, बरं झालं नाही लिहिलं.

आधी आमची परिस्थिती सांगते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं जुनं घर, वर मोकळी गच्ची, दिवसभर ऊन. 52 कुंड्या. मोगऱ्याच्या नऊ, गुलाब अकरा, जास्वंद सहा, बाकी शेवंती, अबोली, सदाफुली, तगर, निशिगंध, आणि कठड्यावर चिनी गुलाब, ज्याला आमच्याकडं ऑफिस टाइम म्हणतात. निम्म्या कुंड्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेल्या मातीच्या, निम्म्या प्लास्टिकच्या. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा नाही हे मान्य, पण पारा चाळिशीकडं सरकला की गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापतो. झाडाला हवेतल्या उन्हाचा नाही, खालून लागणाऱ्या चटक्याचा जास्त त्रास होतो. दरवर्षी एप्रिलअखेर आठ-दहा कुंड्या रिकाम्या व्हायच्या. मी बँकेत नोकरीला, सकाळी घाईत मग्गा फिरवायचा, संध्याकाळी दमून आल्यावर परत. पाणी रोज 20 लिटरच्या नऊ बादल्या, त्यातलं निम्मं कुंडीखालून वाहून पन्हाळीत.

संच आला 1,900 रुपयांना. त्यात 16 मिमीची काळी मुख्य नळी, 4 मिमीच्या बारीक नळ्या, तासाला 4 लिटरचे ड्रिपर (कुंडीत थेंब सोडणारी टोकं), एक छोटा फिल्टर, भोकं पाडायचा पंच, शेवटची टोपणं. जोडायला एक रविवार गेला. बारीक नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून घेतलं की लगेच बसतं, हे पत्रकात लिहिलेलं नाही, बोटं सोलल्यावर कळतं.

खरी गंमत टायमरची. पहिला टायमर आणला, टाकीच्या नळाला लावला, सेल घातले, वेळ लावली. खट्ट आवाज यायचा, पाणी यायचं नाही. दुकानात परत नेला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं दाब कुठाय?" डब्याच्या बुडाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, कमीत कमी अर्धा बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाब लागतो. आता हिशोब बघा. पाण्याची पातळी दहा मीटर उंच असेल तेव्हा खाली एक बार दाब मिळतो. बागेची आमची 500 लिटरची टाकी गच्चीवरच चार फुटी स्टँडवर. भरलेली असली तरी दोन-सव्वादोन मीटर, म्हणजे जेमतेम 0.2 बार. सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेच्या चुंबकानं उघडणाऱ्या झडपेचा) टायमर त्याच्यावर उघडतच नाही. त्याला खालच्या मजल्यावरचा नळ नाहीतर पंप पाहिजे. गच्चीवरच्या टाकीला बॉल व्हॉल्व्हचा (आतला गोळा फिरून उघडणाऱ्या झडपेचा), शून्य दाबावर चालणारा टायमर लागतो. तो 2,400 ला पडला. पहिला बदलून घ्यायला दुकानदारानं तीन खेपा घालायला लावल्या, पैसे परत नाहीतच, त्या किमतीत खत घ्या म्हणाला. घेतलं. अजून पोतं पडलंय.

दाबाचा दुसरा परिणाम ड्रिपरवर. त्याच्यावर तासाला 4 लिटर लिहिलंय ते एक बारला. आमच्याकडं किती येतं हे बघायला मी मुलाचं जुनं औषधाचं मापाचं टोपण आणि एक पाण्याची बाटली घेऊन बसले. टाकी काठोकाठ असताना पहिल्या ड्रिपरमधून 15 मिनिटांत 350 मिली, टाकी तळाशी गेल्यावर 250. नळीच्या शेवटच्या टोकाला, जिथं निशिगंध आहे, तिथं 200 सुद्धा नाही. म्हणजे मी सकाळी 15 आणि संध्याकाळी 10 मिनिटं लावून निवांत बसले होते तेव्हा बारा इंची कुंडीतल्या गुलाबाला दिवसाला अर्धा लिटर मिळत होतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माना टाकल्या तेव्हा कुठं टोपण हातात घेतलं. शेवटी सकाळी 30, संध्याकाळी 20 मिनिटं ठेवलं, मोठ्या कुंड्यांना दोन-दोन ड्रिपर दिले (एकूण 64 झाले), आणि निशिगंधाच्या कुंड्या टाकीजवळ हलवल्या. एवढं करूनही रोजचं पाणी साठ-पासष्ट लिटर. 180 वरून 65. पाण्याच्या बाबतीत संचानं पैसे वसूल केले, यात शंका नाही.

वेळेचं एक. संध्याकाळची वेळ मी आधी साडेपाचला लावली होती. त्या वेळी गच्चीवरून ऊन गेलेलं नसतं, काळ्या नळीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं आणि पहिली दोन मिनिटं तेच मुळाशी जातं. पावणेसात केली, मग ठीक. काळी नळी बदलून पारदर्शक मात्र लावू नका. शेजारच्या वहिनींनी लावली, महिन्यात आतून शेवाळानं हिरवीगार.

ठिबकच्या बरोबरीनं, किंबहुना जास्त, काम केलं ते पाचटानं, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यानं. वडणग्याच्या चुलत दिरांकडं फेब्रुवारीत ऊस तुटून गेला होता. पाचट पेटवायच्या आधी दोन पोती भरून आणली. फुकट. कापताना मात्र हातमोजे घाला, उसाच्या पात्याची धार आणि कूस (त्यावरची टोचरी लव) दोन्ही वाईट, मी दोन दिवस मनगट खाजवत होते. विळीवर बोटभर तुकडे करून प्रत्येक कुंडीत तीन इंचांचा थर दिला, बुंध्यापासून थोडी जागा सोडून. खात्री करून घ्यायला दोन सारख्या मोगऱ्यांपैकी एकाला पाचट दिलं, एकाला नाही. संध्याकाळी पाच वाजता बोट घालून बघायचे. उघड्या कुंडीत दोन पेरं कोरडी, माती कडेनं सुटलेली. एकदा माती अशी सुटली की वरनं घातलेलं पाणी कडेच्या फटीतनं सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. पाचटाच्या कुंडीत थर बाजूला केला की लगेच ओल, आणि माती गार. पाच दिवसांत प्रयोग बंद करून दुसऱ्यालाही दिलं, बघवेना. ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांनी नारळाच्या शेंड्या, वाळका पालापाचोळा घ्यावा. कोकोपीट वरून पसरू नये, वाऱ्यानं उडतं. कुंड्या विटांवर चढवून एकमेकींना खेटून ठेवल्या, मातीच्या कडेला आणि प्लास्टिकच्या मधे, त्यांच्या सावलीत. प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू मुळं भाजते, म्हणून.

हिरवं शेडनेटही घेतलं होतं, 50 टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं. गुलाबाला, शेवंतीच्या रोपांना दुपारची सावली मानवली. मोगऱ्याचं उलटं झालं. नेटखालच्या चार कुंड्यांना पानं काळीभोर, कळ्या नावाला. उन्हातल्या पाच कुंड्या रोज ओंजळभर फुलं द्यायच्या. मोगऱ्याला ऊन पाहिजेच, त्याला पाणी द्या, सावली देऊ नका. आणि नेट बांधायचं तर वळवाचा विचार करून बांधा. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारा सुटला, आमचं नेट शिडासारखं फुगलं आणि एक बांबू मुळासकट उपटून जास्वंदीवर. पाठोपाठ गारा. आता चारी कोपऱ्यांना गाठ मारण्याऐवजी दोन बाजूंना हुक लावलेत, ढग दिसले की अर्ध्या मिनिटात गोळा होतं.

आता तक्रार, आणि ती संचाची की माझी हे मलाही ठरवता येत नाही.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. संच जोडत होतो तेव्हा त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता झाडांस्नी पाणी पाजाय बी मशीन? उद्या आम्हांस्नी जेवाय घालायला आणशील एखादं." मी हसले. टायमर बसल्यावर माझं रोज वर जाणं सुटलं. पाणी आपोआप पडतंय, मग कशाला? बारा दिवसांनी वर गेले तर तीन जास्वंदींचे शेंडे कापूस चिकटवल्यासारखे पांढरे. पिठ्या ढेकूण. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळालेल्या. नीट वाकून बघितलं तर काळ्या नळीवरून मुंग्यांची रांग लागलेली, एका कुंडीतून दुसरीत, हमरस्ता असल्यासारखी. ढेकणाचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्या बदल्यात पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊन सोडतात. पूर्वी कुंड्या सुट्या होत्या, मी त्यांना रस्ता बांधून दिला होता.

लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. उरलेल्यांवर पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, दर पाच दिवसांनी, सूर्य मावळल्यावर. उन्हात मारलं तर पानं करपतात. नळीला दोन कुंड्यांच्या मधे जागोजागी व्हॅसलिनचा पट्टा लावला, तो धुळीनं भरला की पुसून परत. तीन आठवडे गेले. एक जास्वंद गेली ती गेलीच, जुनी लाल गावठी, लग्नाआधीपासूनची. आत्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुडघे धरत जिना चढताना दिसल्या. मी नको म्हटलं तर, "पाणी घालाय न्हाई, बघाय चाललो," म्हणाल्या. तेव्हापासून मीही चहाचा कप घेऊन वर जाते. गुलाबाच्या पानाखाली लाल कोळी वेळेत सापडली ती त्यामुळंच. पान पालथं करून पांढऱ्या कागदावर झटकलं की ठिपके चालायला लागतात. पानाच्या खालच्या बाजूला रोज पाण्याचा फवारा दिल्यावर हटली.

मे महिन्यात आणखी एक कटकट. आमचं बागेचं पाणी बोअरचं, जड. 64 पैकी 11 ड्रिपर क्षारानं बुजले. वरनं ड्रिपर शाबूत दिसतो, झाड सुकल्यावर समजतं. काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले, नऊ सुटले, दोन टाकले. मधेच आमच्या ह्यांनी हौसेनं टाकीत शेणाची स्लरी ओतली, त्या दिवशी फिल्टर तीनदा धुतला. ठिबकमधून फक्त स्वच्छ पाणी, बाकी सगळं मग्ग्यानं.

मग एवढ्या उपद्व्यापाचा फायदा काय, तर मे महिन्यातले सात दिवस. फोंडा घाट उतरून मालवणला गेलो, टाकी भरून, पेन्सिल सेल नवे घालून. पूर्वी अशा वेळी शेजाऱ्यांना किल्ली द्यायची आणि परत आल्यावर मेलेल्या झाडांवरून एकमेकांना काही बोलायचं नाही. या वेळी आलो तर टाकीत वीतभर पाणी शिल्लक, निशिगंधाची एक कुंडी थोडी मलूल, बाकी सगळं उभं. मोगऱ्याची न तोडलेली फुलं पाचटावर पडून तपकिरी झाली होती, जिन्यापर्यंत वास.

यंदा उन्हाळ्यात एकूण दोन झाडं गेली, ती जास्वंद आणि एक शेवंती. घ्यायचं असेल तर आधी पाचट घाला, विटा लावा, मग टाकीची उंची मोजा, त्यानंतर टायमर विकत घ्या. वीस कुंड्यांच्या आत असाल आणि गावाला जात नसाल तर झारी पुरे, पैसे घालवू नका. प्राजक्त किंवा सोनचाफा जमिनीत असेल तर बुंध्यापासून हातभर लांब एक मातीचं लोटकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरा, वर झाकण. आमचा अंगणातला चाफा त्याच्यावरच आहे, ओल लागेल तसं पाणी झिरपतं.

तुळशीलाही मी एक ड्रिपर दिला होता. तो आत्यांनी तिसऱ्याच दिवशी उपसून शेजारच्या अबोलीत खोचला. पावसाळ्यासाठी नळ्या गुंडाळताना मला सापडेना, मोजताना एक कमीच भरला. परवा अबोलीचा गजरा करायला बसले तेव्हा पानांत दिसला.