जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघून आलो: दीडशे रुपये वसूल, पण डीजे बंद करा की राव

आधी कामाचं सांगतो म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते इथनंच सुटतील. तिकीट दीडशे, लहान पोरांना फुकट, पार्किंगचे पन्नास वेगळे. पैसे वसूल झाले, पण त्याचं श्रेय गाड्या घेऊन आलेल्या माणसांना, भरवणाऱ्यांना मी पाचातले अडीच देतो आणि तेही जरा हात सैल सोडूनच.

आम्ही इचलकरंजीचे. घरात आण्णांची १९८५ ची पद्मिनी आहे, हँडल गिअरची, आणि कोल्हापुरात जुन्या गाड्या येणार म्हटल्यावर आण्णा म्हणाले, स्विफ्टनं गेलो तर लोक हसतील. मग काय, मी, आण्णा आणि माझी सात वर्षांची पोरगी, निघालो पद्मिनीतनं. हातकणंगल्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली, शिरोलीत ट्रॅफिक तुंबलेलं, ऊन असं की टपावर पापड भाजावा, आणि तावडे हॉटेलपाशी आल्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. पद्मिनी म्हणजे फियाटच, ज्यांच्याकडं फियाट होती त्यांना कळलं असेल. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटून असतो, गाडी मुंगीच्या पावलानं चालली की वारा लागत नाही, इंजिनच्या गरमीनं पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. आण्णा काहीच बोलले नाहीत, डिकीतनं जुनी बनियन काढली, बाटलीतल्या पाण्यात भिजवली, बॉनेट उघडून पंपावर घातली आणि फुटपाथवर बसून राहिले. दहा मिनिटांनी दोनदा सेल्फ मारला, चालू. मागं बुलेटवाला थांबलेला, म्हणाला, "काका, नाद खुळा!" आण्णा दिवसभर त्या एका वाक्यावर खूश होते.

मैदान मोठं होतं, गाड्याही बऱ्यापैकी, चारचाकी पन्नासच्या आसपास असतील आणि दुचाकी त्याहून जास्त. जावा, येझदी, लँब्रेटा, राजदूत. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीला असतात हे आमच्या पोरीला एका दादानं करून दाखवलं, आधी किक मारायची आणि मग तीच दांडी पुढं टाकली की गिअर, ती म्हणाली जादू आहे. टू-स्ट्रोकच्या धुराचा वास मात्र कपड्यांना घरापर्यंत आला, मला आवडतो, बायकोला नाही.

आता तक्रार. गाड्यांसमोर पाट्या लावलेल्या आणि सरसकट सगळ्यांवर विंटेज. अरे १९८७ ची प्रीमियरची वन वन एट एनई गाडी विंटेज? आपल्याकडं सरकारनं २०२१ ला नियम केलाय, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी म्हणजे विंटेज, तिला नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीची फी वीस हजार, आणि ती रोज बाजारात भाजी आणायला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला एवढंच. म्हणजे आमची पद्मिनी २०३५ ला विंटेज होणार, तोवर ती नुसती जुनी गाडी. हौशी लोकांची वाटणी आणखी कडक असते, त्यांच्यात १९१९ ते १९३० च्या गाडीलाच विंटेज म्हणतात. पाटी लिहिणाऱ्यानं एवढं तर विचारायचं होतं, तिथं फिरणारा दर तिसरा म्हातारा सांगू शकला असता.

दुसरं म्हणजे डीजे. इंजिनचा आवाज ऐकायला माणूस एवढ्या लांबनं येतो आणि तिथं स्पीकरची भिंत उभी केलेली. एक जुनी विलीज जीप आलेली, पुढची काच बॉनेटवर पाडून ठेवलेली, मालकानं चालू केली तर सायलेन्सरला हात लावून बघावं लागलं चालू आहे का नाही ते. निवेदक मधेच सगळ्यांना "भावांनो" करत होता आणि मोरिसला मर्सिडीज म्हणाला. मिसळ एकशेवीसला, कट म्हणजे लाल पाणी. कोल्हापुरात बसून असली मिसळ विकायला धाडस लागतं. लेडीज टॉयलेट एकच, रांग तिकिटाच्या रांगेपेक्षा मोठी.

राजघराण्याची मेबॅक येणार अशी व्हॉट्सॅपवर हूल उठलेली, ती काय आली नाही. ती बघायची तर दसऱ्यालाच, दसरा चौकात, सोनं लुटायच्या वेळी. लहानपणी आण्णांच्या खांद्यावर बसून बघितलेली आठवते मला, गाडी हळू येत होती आणि गर्दी आपोआप फाकत होती. मेबॅकवाले मूळचे झेपेलिनची, म्हणजे गॅस भरलेल्या लांबड्या हवाई जहाजांची इंजिनं करणारे, गाड्या त्यांनी १९२१ ते १९४० एवढीच वर्षं केल्या आणि त्याही सगळ्या मिळून अठराशेच्या आसपास. त्यातली एक आपल्या चौकात येते याचं आपल्याला काही वाटत नाही, कारण दरवर्षी येते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. कोपऱ्यात, दोरीच्या बाहेर, एक डुक्कर फियाट उभी होती. १९५६ चं मॉडेल, करडा रंग, तोही ब्रशनं मारलेला दिसत होता जवळनं. पुढचं तोंड बघितलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. मालक गडहिंग्लजकडचे, पंचाहत्तरीचे तरी असतील, पांढरा लेंगा, खिशात टेस्टर. आण्णांनी नुसतं "बॉनेट उघडता का?" म्हटलं आणि पुढचा दीड तास आम्ही तिथनं हललो नाही. पुढची दारं उलटी उघडतात हिची, बिजागरी मागं. पोरगी आत बसली, त्यांनी तिला स्टिअरिंग दिलं आणि सांगितलं, "हाॅर्न वाजव की, कोण काय म्हणतंय बघूया." इंजिन १०८९ सीसी, आमच्या पद्मिनीचं पण तेवढंच, दोघं म्हातारे एकमेकांच्या इंजिनवर वाकून असे बोलत होते जसं काय सोयरीक जुळवताहेत.

मी विचारलं, आजोबा, पार्ट कुठनं आणता? ते म्हणाले, "आणायचं कशाला, उद्यमनगरला नमुना घेऊन जायचं." किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, बुश त्यांनी तिथल्या एका लेथवाल्याकडं काढून घेतलेलं, पहिलं घट्ट झालं, दुसरं सैल, तिसरं बसलं. खिशातनं पुडी काढून बिघडलेली दोन्ही दाखवली, पितळी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, एकावर कानशीचे ओरखडे तसेच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला तिथं बुशचं काय एवढं. पण सध्या त्यांची खरी काळजी वेगळीच, पेट्रोलमधलं इथेनॉल. जुने रबरी पाईप आणि पंपाचा पडदा त्यानं मऊ पडतो, चिरतो, त्यांनी पाईप सगळे बदललेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतात. आण्णांनी हे पावतीच्या मागं लिहून घेतलं. मला खात्री आहे, तावडे हॉटेलपाशीच्या आचक्याचं अर्धं कारण तेच असणार.

बक्षीस अर्थातच दोरीच्या आतल्या एका चकचकीत गाडीला मिळालं, जी ट्रेलरवरनं आली आणि ट्रेलरवरनंच गेली. क्रोम असं की भांग पाडावा. वाईट नव्हती, पण बॉनेट उघडा म्हटलं तर त्यांचा माणूस म्हणाला, "साहेब येऊ देत." साहेब आले नाहीत.

परत भरवलं तर मी जाणार. तुम्ही जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी जा, गाड्या गावातनं फेरी काढतात ती फुकट बघायला मिळते आणि तिथं डीजे नसतो. रविवारी गेलात तर सकाळी नऊच्या आत, डबा घरनं न्या, आणि दोरीच्या बाहेरच्या गाड्या आधी बघा.

पाचच्या सुमाराला आजोबा निघाले तर डुकराचा सेल्फ उचलेना. त्यांनी शांतपणे काचेतनं हात बाहेर काढला, आणि मी, बुलेटचं टीशर्ट घातलेली तीन पोरं, पार्किंगचा पावतीवाला, सगळे मागं लागलो. निवेदकानं पण माईक ठेवला आणि आला. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला तशी फाटकाजवळ धरली तिनं. ते थांबले नाहीत, नुसता हाॅर्न वाजवला. आण्णा म्हणाले, "बॅटरीची तार सैल आहे त्यांची, मी बघितलेली, सांगायचं राहिलं."