‘फुल ओव्हरहॉल, ऑल ओरिजिनल’: जुन्या ऑटोमॅटिक घड्याळाच्या पोटात काय निघालं

जुनं सेको ५, म्हणजे जपानी सेको कंपनीचं ऑटोमॅटिक घड्याळ, ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझ्या गळ्यात जे मारलं गेलं ते घड्याळ सेकोचं होतं, पण एका सेकोचं नव्हतं. मागचं झाकण एका घड्याळाचं, मशीन दुसऱ्याचं, काटे कुठल्यातरी सुट्या पाकिटातले आणि डायल चक्क नव्याने रंगवलेली. आतलं मशीन अस्सल असल्यामुळे नकली म्हणता येत नाही, आणि बाकीचं बघितल्यावर अस्सल म्हणायला जीभ रेटत नाही. या मधल्या जागेतच हा धंदा चालतो.

मला ऑटोमॅटिकच हवं होतं. सेल बदलायची कटकट नाही, रोज चावी द्यायची नाही, हात हलला की आतला अर्धगोल रोटर फिरतो आणि स्प्रिंग भरते, याचंच अप्रूप. नवं घ्यायचं तर बजेट ताणावं लागत होतं, म्हणून जुन्याकडे वळलो. सेको ५ ची सुरुवात १९६३ ची. ऑटोमॅटिक मशीन, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या आकड्याजवळ आत दबलेली चावी, दणकट केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) आणि पट्टा, हे नावातले पाच गुण. इतकी वर्षं इतका माल निघाला की सुटे भाग सहज सापडतात आणि एकाचं दुसऱ्यात बसवताही येतं. दुरुस्ती करणाऱ्याची त्यामुळे सोय होते, जोडतोड करणाऱ्याची तर चंगळच.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘१९८२ मॉडेल, फुल ओव्हरहॉल, ऑल ओरिजिनल, मिंट कंडिशन.’ निळी डायल आरशासारखी चमकत होती. केसच्या कडा मात्र पॉलिश करून करून गोलसर झालेल्या. चाळीस वर्षांचा चेहरा शरीरापेक्षा इतका तरुण कसा, हा प्रश्न खरं तर त्या फोटोनेच विचारला होता. आतल्या मशीनचा फोटो मागितला, तर उत्तर आलं, “सर, उघडलं की वॉटर सील जातं.” ऐकायला किती जाणतेपणाचं वाक्य! पण ज्याने खरोखर ओव्हरहॉल केलंय, त्याने मशीन सुटं करून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडलेलं असतं. झाकण लावण्याआधी एक फोटो काढायला त्याला काय अडचण होती?

घड्याळ आलं तेव्हा चालू होतं. हातात असेपर्यंत ठीक, रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. विक्रेता म्हणाला, “ऑटोमॅटिक आहे सर, घालूनच ठेवावं लागतं.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणून ते पटतं. प्रत्यक्षात या जातीचं ठणठणीत मशीन दिवसभर घातल्यावर रात्रभर टेबलावर पडून आरामात चालतं. पूर्ण भरलं असेल तर साधारण चाळीस तास. मग वेळ चुकायला लागली, एक दिवस पुढे तर एक दिवस मागे. त्यावरही उत्तर तयार होतं: “जुनं आहे सर, थोडं इकडेतिकडे होणारच.”

इथे विक्रेत्यांची बाजूही सांगतो, कारण ऑटोमॅटिक पहिल्यांदा घेणारे कधीकधी उगाच बोंब मारतात. स्वस्त ऑटोमॅटिककडून क्वार्ट्झची, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळाची, अचूकता मागायची नसते. आज बजेटमधल्या असंख्य घड्याळांत असणाऱ्या एनएच ३५ या मशीनसाठी दिवसाला ४० सेकंद पुढे ते २० सेकंद मागे, एवढी मोकळीक अधिकृतच आहे. तेव्हा रोज वीस सेकंद पुढे जाणारं घड्याळ म्हणजे फसवणूक नव्हे. माझ्याकडचं मिनिटांनी भरकटत होतं, आणि तेही रोज वेगळ्या दिशेने.

शेवटी एका जुन्या, मुरलेल्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण फिरवलं आणि पहिल्यांदा “हम्म” एवढंच म्हणाले. मग भिंग माझ्या हातात दिलं. स्क्रूंच्या खाचा कुरतडल्यासारख्या झालेल्या. चावीच्या दांड्यापाशी गंजाची तपकिरी पूड. रबरी रिंग जिथे बसायला हवी त्या खोबणीत रिंगच नाही, म्हणजे ज्या वॉटर सीलसाठी झाकण उघडायचं नव्हतं ते सील अस्तित्वातच नव्हतं! डायलच्या मागचे दोन बारीक पाय, जे मशीनच्या भोकांत बसतात, ते कापलेले, आणि डायल दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर टेकवलेली. निळ्या रंगाचा एक टवका सुटून आतल्या चाकांपाशी पडला होता. “हा रंग तेलात मिसळला की मशीन अडणारच,” ते म्हणाले.

आणि मग आकडे. सेकोच्या झाकणावर दोन भागांत एक नंबर असतो. पहिले चार आकडे किंवा अक्षरं म्हणजे मशीनचा क्रमांक, पुढचे केसचे. माझ्या झाकणावर सुरुवात ६३०९ ने होती, आत मशीनवर कोरलं होतं ७००९. त्याशिवाय सिरियल नंबर असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरं चिन्ह महिन्याचं: १ ते ९, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी. माझा नंबर ७ ने सुरू होत होता. म्हणजे ते झाकण १९७७ चं असेल नाहीतर १९८७ चं. १९८२ कुठून आलं ते विक्रेताच जाणे.

त्याला हे सगळं फोटोंसह कळवलं. “सगळे पार्ट सेकोचेच आहेत ना सर? मग ओरिजिनलच झालं.” मी गप्प बसत नाही म्हटल्यावर सूर बदलला: “तुम्ही बाहेर उघडलं, आता वॉरंटी संपली.” दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. काही दिवसांनी तेच फोटो, तोच टेबलक्लॉथ, दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसले. या वेळी डायल केशरी होती.

जुनं घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडून झाकण आणि उघडं मशीन एकाच फोटोत मागा आणि क्रमांक जुळवा. डायलचा सहाच्या आकड्याखालचा भाग अगदी जवळून मागा. तिथे कारखान्याने बारीक अक्षरांत कोड छापलेला असतो. रंगवलेल्या डायलवर तो पसरलेला, चुकीचा किंवा गायबच असतो. घड्याळ काढून ठेवल्यानंतर सकाळचा व्हिडिओही मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा, मालाचा तुटवडा नाही. आणि जुन्या डायलवर ‘वॉटर’ काहीही लिहिलेलं असो, नळाखालीसुद्धा धरू नका.

नव्यातही वेगळी टोपी घालतात. ‘जपान मूव्हमेंट’ (मूव्हमेंट म्हणजे आतलं मशीन) हे शब्द ऑटोमॅटिकची खूण नव्हेत, सेलवर चालणाऱ्या मशीनवरही ते लागू पडतात. सेकंद काट्याकडे बघा. सेकंदाला एकच टुणकन उडी मारत असेल तर ते बहुतेक क्वार्ट्झ. या किमतीतली बहुतेक ऑटोमॅटिक मशीनं तासाला २१,६०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला सहा, त्यामुळे काटा सरकल्यासारखा दिसतो.

पैशांचं म्हणाल तर ‘घड्याळ नीट चालत नाही’ ही माझी पहिली तक्रार विक्री-संकेतस्थळाने फेटाळली. जुन्या वस्तूला चालण्याची हमी नाही, म्हणे. दुसरी तक्रार ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या सदरात टाकली आणि तीन गोष्टी जोडल्या: ‘ऑल ओरिजिनल’ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ६३०९ दिसणाऱ्या झाकणाचा फोटो आणि ७००९ दिसणाऱ्या मशीनचा फोटो. या वेळी मंजूर झाली. पाठवणीचा खर्च वगळून रक्कम परत आली. घड्याळजींची फी अर्थातच माझ्या खिशातून गेली. तो स्क्रीनशॉट मी घड्याळ मागवतानाच काढून ठेवला होता. तक्रार करायच्या वेळी जाहिरात शोधत बसलो असतो, तर दाखवायला काहीच उरलं नसतं.