पैसे देणारं सोशल मीडिया: बरेच महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः त्या सात दिवसांबद्दल

लेन्सच्या आत वाढलेली बुरशी कशी साफ करायची, यावर मी अशाच एका प्लॅटफॉर्मवर लिहिलेला एक लांबलचक लेख लोक अजून वाचतात. परवा त्याखाली कुणीतरी लिहिलं की हायड्रोजन पेरॉक्साइडची ती पद्धत वापरून त्यांची जुनी लेन्स वाचली. वाचून फार बरं वाटलं. त्यांनी अपव्होटही (पसंतीचं मत, ज्यावर लेखकाला पैसे मिळतात) दिला होता, पण त्याचा मोबदला शून्य, कारण लेख सात दिवसांपेक्षा जुना झालाय. म्हणून आज हे सविस्तर लिहितेय.

आधी दोन शब्द: टोकन म्हणजे प्लॅटफॉर्मचं स्वतःचं डिजिटल नाणं, आणि पॉवर म्हणजे अडकवून ठेवलेली टोकन, ज्यांवर मताचं वजन ठरतं. मी वापरते तो प्लॅटफॉर्म स्टीमच्या, म्हणजे पोस्टना टोकनमध्ये मोबदला देणाऱ्या ब्लॉकचेनच्या, धर्तीवरचा आहे. पोस्ट टाकल्यापासून सात दिवसांत पडलेल्या मतांचाच हिशोब होतो. एकदा पेआऊट (मोबदल्याचं वाटप) झाला की त्या पोस्टची कमाई कायमची थांबते.

व्हेल (खूप टोकन असलेले) आणि बॉट (आपोआप मतं देणारे प्रोग्रॅम) यांच्याबद्दल सगळेच बोलतात, त्यामुळे थोडक्यात सांगते. ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या मताला वजन जास्त, हे उघड लिहिलेलं असतं आणि ते पटत नसेल तर आत शिरूच नये. मला त्याचा फारसा त्रास झाला नाही. लेखकाचा वाटा मात्र बघून घ्या. स्टीमवर तो 2019 च्या हार्डफोर्कमध्ये (सगळ्यांसाठी नियमच बदलणाऱ्या अपडेटमध्ये) 75 टक्क्यांवरून 50 वर आला, उरलेला अर्धा मत देणाऱ्यांना. माझ्याकडेही निम्म्यानेच आहे.

आता वेळेचा हिशोब, कारण मी तो ठेवते. फोटो काढणं, लिहिणं, तपासणं यात एका लेखाला दोन-तीन संध्याकाळी जातात. नंतर इतरांच्या पोस्ट वाचून कमेंट करण्यात त्याहून जास्त वेळ जातो, कारण तिथे वावर नसेल तर तुमच्या पोस्टकडे कुणी फिरकत नाही. हा दुसरा वेळ बहुतेक जण मोजतच नाहीत. तो धरला तर तासाला पडणारी रक्कम इतकी कमी आहे की कुठलंही साधं मोबदल्याचं काम त्यापेक्षा बरं. शिवाय ती रक्कम टोकनमध्ये. स्टीमचा भाव जानेवारी 2018 मध्ये 8 डॉलरच्या आसपास होता आणि ते वर्ष संपायच्या आत एका डॉलरच्याही खाली गेला होता. कमाईचा एक भाग पॉवर म्हणून अडकतो, तो सोडवायचा तर 13 आठवडे हप्त्याहप्त्याने. त्यामुळे स्क्रीनवर दिसतो तो आकडा तुमचा झाला असं समजू नका.

तरीही भाव आणि हप्ते मी सोसले असते. सात दिवस सोसवत नाहीत. माहितीपर लेखाची गरज लोकांना तो छापला त्या आठवड्यात नसते, लेन्सला बुरशी लागते तेव्हा असते. यूट्यूबवर 2018 मध्ये पैसे सुरू व्हायलाच 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं अशी अट घातली गेली, पण ती एकदा पूर्ण झाली की जुना व्हिडिओही जाहिरातींवर कमावत राहतो. मीडियम या लेखांच्या साइटने 2019 मध्ये टाळ्यांऐवजी (तिथल्या पसंतीच्या खुणा) सभासदांच्या वाचनाच्या वेळेवर पैसे द्यायला सुरुवात केली, तिथेही जुना लेख सभासदांनी वाचला तर मोजला जातो. इथे मात्र आठव्या दिवशी तुमचं काम फुकट. परिणाम असा की चांगले लिहिणारेसुद्धा रोज काहीतरी टाकायच्या मागे लागतात. सकाळचा फोटो, कालचे विचार, आजचा बाजारभाव. मेहनतीचा लेख लिहिणारा आणि पाच मिनिटांत पोस्ट टाकणारा, दोघांना मुदत तेवढीच.

याबद्दल मी सपोर्टला लिहिलं. साचेबद्ध उत्तरं आली, त्यातलं एक तर पासवर्ड विसरल्याबद्दलचं होतं. मी चिकाटी सोडली नाही, आणि इथवरचा मजकूर लिहून ठेवल्यावर शेवटी एका डेव्हलपरचं खरंखुरं उत्तर आलं. त्याने माझं मत थोडं बदललं, म्हणून वरचं तसंच ठेवून पुढे लिहिते.

त्याचं म्हणणं असं: मुदत उघडी ठेवली तर मोठे टोकनधारक स्वतःच्याच दोन वर्षांपूर्वीच्या, कुणाचं लक्ष नसलेल्या पोस्टना मतं देऊन सामायिक निधीतून पैसे काढतील. नव्या पोस्टवर सगळ्यांची नजर असते, डाऊनव्होट (मोबदला कमी करणारं विरोधी मत) करता येतो. हे मला पटलं. निधी एकच आहे आणि त्यात नव्याने तयार होणारी टोकनच येतात, म्हणजे चोरी झाली तर सगळ्यांचीच. नियम आळसातून आलेला नाही, हे मान्य. पण मग जुन्या पोस्टखाली वाचकाला स्वतःच्या खिशातून टीप देता येईल असं ठळक बटण द्या, त्यात निधीचा संबंधच येत नाही. सध्या त्यासाठी वॉलेट उघडून, नाव टाइप करून पाठवावं लागतं. नवखा वाचक ते करणार नाही.

वेळ सार्थकी लागतो का? पैशासाठी नाही. वाचकांसाठी, माझ्या बाबतीत, हो. इतक्या नेमक्या, प्रश्न विचारणाऱ्या कमेंट मला दुसरीकडे कुठेच मिळाल्या नाहीत, आणि माझ्या दोन पद्धती त्या प्रश्नांमुळेच सुधारल्या. रोजचे फोटो किंवा रोजनिशीसारखं लिहीत असाल तर सात दिवस तुम्हाला पुरतील, खुशाल जा. संदर्भ म्हणून उपयोगी पडेल असं लिहीत असाल तर मूळ लेख स्वतःच्या जागेवर ठेवा आणि इथे त्याचा छोटा भाग टाकून चर्चा करा. मी आता तेच करते. पॉवर डाऊनही (अडकलेली टोकन सोडवणं) सुरू केलंय, हप्ता आला की टोकन विकते. खातं मात्र बंद करत नाही, बुरशीच्या लेखाखाली अजून प्रश्न येताहेत.