१८×१० की १९×८? जळगावच्या उन्हातला प्रॉप

मॉडेल विमानाच्या ३० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला हे दोन्ही प्रॉप (पंखे) चालतात (पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेरीत प्रॉप कागदावर किती पुढे सरकतो; दोन्ही इंचांत); इंजिनावर भारही जवळपास सारखाच. फरक उडण्यात. ७००० आरपीएमला १० इंच पिच कागदावर ताशी १०७ किलोमीटर देते, ८ इंची ८५. पण आमची धावपट्टी म्हणजे कापूस निघालेलं काळ्या मातीचं शेत. तिथं १९×८ विमान पटकन उचलतो, उतरताना वेगही चांगला कमी करतो. घेर मोठा, ढेकळाला टोक लागलं की लाकडी प्रॉप गेलाच (माझे दोन गेले).

मे महिन्यात ४५ अंशाला हवा विरळ होते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त). शिवाय प्रॉप बदलला की हाय सुई (कार्ब्युरेटरमधली, पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी) पुन्हा लावायचीच: सर्वोच्च आरपीएमपेक्षा शे-दोनशे कमी, रिच बाजूला. मग विमानाचं नाक वर करून पूर्ण थ्रॉटलवर तपासा. वेगाचं वेड असेल तर १८×१० घ्या, पण शेत लांब हवं.